तोफेला गोत्र नसतं

आमच्या घरात सिम्पसन हा जवळचा नातेवाईक असल्यासारखा होता. बाबा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गणित शिकवायचे. वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ काढायचा सिम्पसनचा नियम त्यांचा इतका लाडका, की आई दुधीभोपळा चिरायला बसली की ते म्हणत, "फोडी सम संख्येत कर, म्हणजे सिम्पसन लावता येतो." आई सम-विषम न बघता भाजी फोडणीला टाकून मोकळी होई. मला मात्र वेगळंच कोडं पडे. पहाटे धावून, कवायत करून आलेली ही अठरा-एकोणीस वर्षांची मुलं उद्या सीमेवर जाणार. त्यांना वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ कशाला हवं? विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं : "तोफेला विचार."

तोफेला विचारायला निघेपर्यंत माझी पन्नाशी उलटली. लंडनला भाची असते, तिच्याकडे जायचंच होतं. वाटेत पॅरिस आणि बर्लिन जोडून घेतलं आणि ठरवलं, की या खेपेला राजवाडे नि चित्रसंग्रहालयं बाजूला ठेवायची आणि युरोपनं आपले लष्करी अधिकारी जिथं घडवले त्या शाळा बघायच्या. भाचीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, लोक इथं हॅरी पॉटरचा स्टुडिओ बघायला येतात गं."

पॅरिसच्या मेट्रोत आठ नंबरच्या मार्गावर 'एकोल मिलितेर' हे स्टेशन लागतं. एकोल मिलितेर म्हणजे लष्करी शाळा. तिथं उतरणारी गर्दी सरळ आयफेल टॉवरकडे वळते. मी उलटी वळले, तर समोर उंच खांबांची, चौकोनी घुमटाची लांबलचक इमारत. टॉवर ज्याच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे ते शां द मार्स हे मूळचं या शाळेचं कवायतीचं मैदान. आज तिथं लोक चटया टाकून पाव-चीज खात असतात. इमारतीत मात्र अजून सैन्याचंच काम चालतं, त्यामुळे दारावरच्या जवानानं मला नम्रपणे फुटपाथवरच ठेवलं. फुटपाथवरून जेवढं दिसतं तेवढं पाहिलं; बाकीचं डोक्यात होतं.

ही शाळा १७५१ साली पंधराव्या लुईनं काढली. तिच्यामागे दोन माणसांचा हट्ट होता : राजाची मैत्रीण मादाम द पोंपादूर आणि सावकार पारी-द्यूवेर्ने. गरीब उमराव घराण्यांतल्या ५०० मुलांना राजाच्या खर्चानं शिकवायचं, ही कल्पना. गरीब चालेल, पण उमराव हवा. चार पिढ्यांचं खानदान कागदावर दाखवल्याशिवाय दार उघडत नसे. आणि खर्च भागवायचा कशातून? पत्त्यांच्या जोडावरच्या करातून! तो पुरेना, तेव्हा शाळेसाठी लॉटरी निघाली. ती उभी करणाऱ्यांत एक होता व्हेनिसहून तुरुंग फोडून पळालेला कासानोव्हा. हो, तोच. १७५८ मध्ये पहिली सोडत निघाली. जुगाराच्या पैशातून शिस्तीची शाळा उभी राहिली, याचं त्या काळी कोणाला फारसं नवल वाटलं नसावं. मला वाटलं.

त्याआधी अधिकारी कसा तयार होई? शिकून नव्हेच. उमरावाचा मुलगा घोडा, तलवार आणि नाच शिके, काका-मामाच्या पलटणीत बारा-पंधराव्या वर्षी दाखल होई, आणि हुकूम सोडणं हे त्याच्या रक्तातच आहे असं सगळे धरून चालत. जर्मनीत झीगन या गावी नासाऊच्या योहाननं १६१६ च्या सुमारास एक युद्धशाळा काढून पाहिली होती. ती काही वर्षांतच बंद पडली. घोडदळाला आणि पायदळाला शाळेची गरज वाटत नव्हती, हे त्याचं सरळ कारण.

गरज वाटली ती तोफेला. घोड्यावर बसून धाडसानं चाल करून जाता येतं. तोफेचा गोळा मात्र किती अंशांवर किती दारूनं किती लांब जाईल, हे धाडसाला कळत नाही. किल्ल्याची भिंत कुठं वळवायची, म्हणजे समोरच्या टेकडीवरून शत्रूला आत दिसणार नाही, हे तर मुळीच नाही. म्हणून फ्रान्समध्ये तोफखान्याच्या शाळा १७२० मध्ये निघाल्या आणि किल्ले बांधणाऱ्या इंजिनिअरांची शाळा १७४८ मध्ये मेझिएर या गावी. पॅरिसच्या भव्य शाळेच्या आधी. या मेझिएरची एक गोष्ट मला फार आवडते. गास्पार मोंज नावाचा किरकोळ व्यापाऱ्याचा मुलगा तिथं नक्शे काढायच्या कामावर होता. खानदान नाही, म्हणून अधिकाऱ्यांच्या वर्गात बसायची सोय नव्हती. एकदा त्याला किल्ल्याची भिंत शत्रूच्या नजरेआड ठेवण्याचं गणित सोडवायला दिलं. प्रचलित रीतीनं आकडेमोडीचे ढीग रचावे लागत. मोंजनं भूमितीनं ते इतक्या लवकर सोडवलं, की वरच्या अधिकाऱ्यानं उत्तर तपासायलाच नकार दिला : एवढ्या वेळात हे होणंच शक्य नाही म्हणे! तपासल्यावर बरोबर निघालं. मग मोंज शिक्षक झाला, आणि त्याची रीत लष्करी गुपित म्हणून कित्येक वर्षं छापू दिली नाही. आज आपल्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'ड्रॉइंग'मध्ये नापास होणारी पोरं ज्याला शिव्या घालतात, तो हाच विषय.

पॅरिसच्या शाळेत गणित शिकवायला आलेला लाप्लासही नॉर्मंडीतल्या साध्या घरचा. १७८५ मध्ये तोफखान्याच्या उमेदवारांची परीक्षा त्यानं घेतली. त्यांत कॉर्सिकाचा एक सोळा वर्षांचा मुलगा होता. ५८ जणांत त्याचा नंबर ४२ वा आला. इतरांना दोन-तीन वर्षं लागत, यानं एका वर्षात उरकलं होतं. त्याच वर्षी वडील वारले होते, घरी पैशांची चणचण होती. नेपोलियन बोनापार्तनं तोफखाना निवडला. लहान घराण्यातल्या, डोकं असलेल्या मुलासाठी तोच एक रस्ता धड होता. पायदळ-घोडदळात तर १७८१ च्या हुकमानं खानदानाची अट आणखीच आवळली होती.

क्रांतीनं हे सगळं उधळलं. उमराव अधिकारी देशाबाहेर पळाले आणि तोफा-किल्ले सांभाळायला माणसं उरेनात. १७९४ मध्ये मोंज आणि त्याच्या सोबत्यांनी एकोल पोलितेक्निक काढली. प्रवेश स्पर्धापरीक्षेनं, वंशावळ कोणी विचारायची नाही. दुसऱ्या दिवशी लॅटिन क्वार्टरमधल्या देकार्त रस्त्यावर तिचं जुनं दार बघून आले. शाळा १९७६ मध्ये शहराबाहेर गेली. १८०४ मध्ये नेपोलियननं तिला लष्करी गणवेश चढवला. पायदळ-घोडदळासाठी त्याआधीच, १८०२ मध्ये, वेगळी शाळा काढली होती, ती पुढं सँ-सीरला गेली. अमेरिकेनं वेस्ट पॉइंटला आपली अकादमी उघडली तीही १८०२ मध्येच. पण तिला वळण लागलं ते सिल्व्हेनस थेअर नावाच्या अधिकाऱ्यामुळे. तो १८१५ मध्ये युरोपात येऊन पोलितेक्निकचा अभ्यास करून, पेट्या भरभरून पुस्तकं घेऊन परत गेला आणि १८१७ पासून सोळा वर्षं त्यानं वेस्ट पॉइंट चालवलं. वेस्ट पॉइंटला मी गेले नाही, पण थेअरच्या त्या पेट्या वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. त्या पुढं पुण्यापर्यंत येणार आहेत.

पोलितेक्निकचं दार मुलींना उघडलं १९७२ मध्ये. त्या पहिल्याच वर्षी प्रवेशपरीक्षेत पहिली आली ती मुलगी, आन शोपिने. एकशे अठ्ठ्याहत्तर वर्षं थांबवून ठेवल्याचं व्याज तिनं एका फटक्यात वसूल केलं.

पॅरिसहून निघायच्या आधी मी पुन्हा एकदा एकोल मिलितेरच्या भिंतीशी गेले. कारण तोफेला गोत्र नसतं हे खरं असलं, तरी सैन्याला असतं. ५ जानेवारी १८९५ ला याच आवारात कॅप्टन आल्फ्रेद द्रेफ्यूसची पदचिन्हं, बटणं उपटून काढली, तलवार गुडघ्यावर मोडली. तो पोलितेक्निकचा विद्यार्थी, तोफखान्याचा अधिकारी, वरच्या युद्धशाळेतूनही उत्तम उतरलेला. शिक्षणात खोट नव्हती. तो ज्यू होता. खोट्या पुराव्यांवर देशद्रोही ठरवलेल्या या माणसाला १९०६ मध्ये निर्दोष ठरवून याच वास्तूत सन्मानपदक दिलं गेलं. मधली अकरा वर्षं परत देता येत नाहीत.

बर्लिनला पाऊस होता. मुख्य स्टेशनापासून कालव्याच्या कडेनं चालत गेलं, की इनव्हालिडेनफ्रीडहोफ ही जुनी लष्करी दफनभूमी लागते. १९६१ नंतर बर्लिनची भिंत याच दफनभूमीतून गेली. थडगी उखडून गस्तीचा रस्ता केला. जे थोडं वाचलं त्यात एक उंच संगमरवरी चबुतरा आहे, आणि त्याच्यावर झोपलेला सिंह. हा सिंह जिंकलेल्या तोफा वितळवून ओतलाय. खाली आहे गेरहार्ट शार्नहोर्स्ट. छत्रीतून पाणी गळत असताना मी तिथं अर्धा तास उभी होते; एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन तीनदा समोरून गेले, तिसऱ्यांदा हसले.

शार्नहोर्स्ट शेतकऱ्याचा मुलगा. हॅनोव्हरजवळच्या एका तळ्यात बांधलेल्या कृत्रिम बेटावर, व्हिल्हेल्मश्टाइनच्या किल्ल्यात, एका विद्वान सरदारानं छोटीशी लष्करी शाळा चालवली होती. तिथं तो शिकला. तोही तोफखान्याचाच. १८०६ मध्ये येनाच्या लढाईत नेपोलियननं प्रशियाचा धुव्वा उडवला. फ्रेडरिक द ग्रेटचं सैन्य, ज्याचे वृद्ध सेनापती सत्तरी ओलांडलेले आणि सगळे खानदानी, एका दिवसात कोसळलं. त्या राखेतून सैन्य पुन्हा उभं करायचं काम शार्नहोर्स्टकडे आलं. ६ ऑगस्ट १८०८ च्या हुकमात त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी राजाकडून वदवून घेतलं, की अधिकारपदावर हक्क शांततेच्या काळात ज्ञानानं आणि शिक्षणानं, युद्धात शौर्यानं आणि निर्णयशक्तीनं. जन्मानं मिळणारी सवलत यापुढं बंद. १८१० मध्ये बर्लिनमध्ये आलगेमाइन क्रीग्सशूल ही वरिष्ठ युद्धशाळा निघाली. त्याच महिन्यात बर्लिनचं विद्यापीठही सुरू झालं. पराभवानंतर देशानं आधी दोन शाळा काढल्या, ही गोष्ट मला त्या सिंहापेक्षा मोठी वाटते.

इथं फरक लक्षात घ्यायला हवा. मेझिएर ही पोरांना अधिकारी करणारी शाळा. बर्लिनची शाळा अधिकारी झालेल्यांसाठी, काही वर्षं पलटणीत घालवून परीक्षा देऊन येणाऱ्यांसाठी. एक तोफ कशी डागायची हे नव्हे, तर लाखभर माणसं, घोडे, भाकरी आणि दारूगोळा एका जागेवरून दुसऱ्या जागी वेळेत कसा न्यायचा, हा तिथला विषय. १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन खेळायचा युद्धखेळ सैन्यापुढं मांडला. तो इतका आवडला, की पलटणींमधून खेळायचा हुकूम निघाला. फाशांनी राज्यं घालवल्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, कमावायला शिकवल्याची ही एक. शार्नहोर्स्टचा शिष्य कार्ल फॉन क्लाउजेव्हिट्झ बारा वर्षं या शाळेचा प्रमुख होता. पण कारभारापुरताच, काय शिकवायचं त्यात त्याला हात घालू देत नसत. मग तो आपल्या खोलीत बसून लिहीत राहिला. तो गेल्यावर त्याची पत्नी मारी हिनं ते हस्तलिखित १८३२ पासून छापलं, आणि आज जगभरच्या लष्करी महाविद्यालयांत 'युद्धाविषयी' हा ग्रंथ असतो. ज्या शाळेचा तो प्रमुख होता, तिथं त्याला तो शिकवता आला नाही.

आणि १८०८ चा तो हुकूम? कागदावर राहिला नाही, पण पुरा उतरलाही नाही. नव्या उमेदवाराला घ्यायचं का, यावर पलटणीतल्या अधिकाऱ्यांचं मत घेत. नको असलेला मुलगा कसा गाळायचा, हे कोणत्याही जातीच्या पंचांना शिकवावं लागत नाही. तरी १८७० मध्ये या शाळेनं घडवलेल्या अधिकाऱ्यांनी फ्रान्सला हरवलं, तेव्हा हरलेल्यांनी काय केलं? १८७६ मध्ये तशीच वरिष्ठ युद्धशाळा काढायला घेतली, आणि ती थाटली पॅरिसच्या त्याच एकोल मिलितेरमध्ये. माझ्या फुटपाथसमोर.

लंडनला मी सगळ्यात आधी वूलिच गाठलं. थेम्सच्या काठी, पूर्वेला. आता तिथं एलिझाबेथ लाइन जाते आणि जुन्या शस्त्रागाराच्या विटांच्या इमारतींत महागडे फ्लॅट आणि कॉफीची दुकानं आहेत. याच शस्त्रागारातल्या डायल स्क्वेअर कारखान्याच्या कामगारांनी १८८६ मध्ये फुटबॉलचा संघ काढला. आर्सेनलचे चाहते आपल्याकडेही गल्लोगल्ली आहेत, पण त्यांच्या बोधचिन्हावरची तोफ कुठली, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

डायल स्क्वेअरपासून चार पावलांवर एक जुनी विटांची इमारत आहे. इथं १७४१ मध्ये दुसऱ्या जॉर्जच्या सनदेनं रॉयल मिलिटरी अकादमी उघडली. तोफखान्याला चांगले अधिकारी आणि सैन्याला पारंगत इंजिनिअर मिळावेत, एवढाच हेतू. कारखान्याच्या आवारातली शाळा, म्हणून कॅडेट तिला 'शॉप' म्हणत. पुढं १८०६ मध्ये टेकडीवर वूलिच कॉमनसमोर किल्ल्यासारखी मोठी इमारत बांधली, तरी नाव 'शॉप'च राहिलं.

आणि इथंच मला सिम्पसन भेटला. थॉमस सिम्पसन विणकराचा मुलगा, स्वतः विणकर. शाळा नावापुरती. हातमागावर बसून त्यानं स्वतःच गणित शिकून घेतलं. मध्ये काही वर्षं ज्योतिष सांगून पोट भरलं, त्यातून काही भानगड होऊन गाव सोडावं लागलं. लंडनला स्पिटलफिल्ड्समध्ये दिवसा माग आणि रात्री शिकवण्या. या माणसाला १७४३ मध्ये वूलिचला गणिताचा प्राध्यापक नेमलं. त्याच्या मागून काही वर्षांनी, १७७३ मध्ये, आला चार्ल्स हटन : न्यूकासलच्या कोळसा खाणीतल्या मजुराचा मुलगा, जो स्वतः खाणीत उतरलेला. लोलकावर गोळा झाडून त्याच्या झोक्यावरून गोळ्याचा वेग मोजायचे प्रयोग त्यानं वूलिचलाच केले. स्कॉटलंडमधल्या एका डोंगराच्या ओढीवरून सबंध पृथ्वीची घनता किती, याचा हिशेबही त्यानंच मांडला. पुढं १८३० पासून एकवीस वर्षं रसायनशास्त्राची व्याख्यानं द्यायला मायकेल फॅरडे येत असे. तो लोहाराचा मुलगा.

विणकर, खाणमजूर, लोहार. समोर बाकांवर जमीनदारांची, पाद्र्यांची, सैनिकी घराण्यांची पोरं. इंग्लंडसारख्या देशात ही उलटापालट आणखी कुठं शक्य होती? चर्चमध्ये नाही, संसदेत नाही, शिकारीच्या मैदानावर तर नाहीच. तोफेपुढं झाली, कारण चुकीचं उत्तर दिलं तर तोफ फुटते. बाबांना काय म्हणायचं होतं, ते मला वूलिचच्या त्या फुटपाथवर कळलं.

याच शॉपमध्ये तिसऱ्या नेपोलियनचा परागंदा मुलगा शिकला. १८७५ मध्ये तो सातव्या नंबरानं उतरला, म्हणजे आजोबांच्या पिढीतल्या त्या थोरल्या नेपोलियनपेक्षा चांगलाच वर. चार वर्षांनी झुलूंशी चाललेल्या इंग्रजांच्या लढाईत तो मारला गेला. नंबरांचं असं असतं.

टेकडीवरची इमारत गाठेपर्यंत पाय बोलू लागले होते. मधली इमारत लंडन टॉवरच्या धर्तीची, तिच्या चार कोपऱ्यांना मनोरे. १९३९ मध्ये शाळा बंद झाली, १९४७ मध्ये सँडहर्स्टमध्ये विलीन झाली; आता इथंही फ्लॅट. फाटकाशी एक तरुण आई बाबागाडी ढकलत बाहेर आली. जिथं हटननं पोरांना लॉगॅरिदम घोकायला लावले असतील, तिथं आता वॉशिंग मशीनचा आवाज.

"आता माझ्या गावाकडचं दाखवते," असं म्हणून भाचीनं दुसऱ्या दिवशी मला क्रॉयडनला नेलं. ईस्ट क्रॉयडनहून ट्राम घेतली, तर दोन-चार स्टॉपांत आम्ही उतरलो ते आउट्रम रोडजवळ. पलीकडे हॅवलॉक रोड. मग कॅनिंग रोड, क्लाइड रोड, एल्गिन रोड. शांत, झाडांचे, लाल विटांच्या घरांचे रस्ते. नावं मात्र सत्तावनच्या धड्यातली. भाचीला वाटत होतं मला नावांचीच गंमत वाटेल. पण मी याच गल्ल्यांसाठी आले होते.

ईस्ट इंडिया कंपनीची स्वतःची लष्करी शाळा, अ‍ॅडिसकंब सेमिनरी, इथं होती. १८०९ ते १८६१. कंपनीच्या फौजेत अधिकारपद विकत मिळत नसे, ते कंपनीच्या संचालकांच्या वशिल्यानं मिळे. पण वशिल्यानं आत आलेल्यालाही गणित चुकत नसे. परीक्षेत सगळ्यात वर आलेले इंजिनिअरांत जात, त्यांच्याखालचे तोफखान्यात, आणि उरलेले पायदळात. पायदळ म्हणजे उरलेले! हिंदुस्थानी शिकवायला जॉन शेक्सपिअर नावाचा कोशकार होता, विज्ञान शिकवायला विद्युतचुंबक बनवणारा विल्यम स्टर्जन. गंगेचा कालवा काढणारा प्रोबी कॉटली इथला, गोदावरीवर धवळेश्वरमचा बांध घालणारा आर्थर कॉटन इथला, हेन्री लॉरेन्स इथला. राज्य जिंकणारे आणि पाणी अडवणारे एकाच वर्गात बसत. त्यांच्या शिक्षणाचा खर्च अर्थात कंपनीच्या तिजोरीतून होई, म्हणजे शेवटी आपल्या रयतेच्या शेतसाऱ्यातून. हे लिहिल्यावाचून पुढं जाववत नाही.

सत्तावननंतर कंपनी गेली, तिची फौज राणीची झाली, शाळा बंद पडली. जमीन बिल्डरला विकली, वाडा पाडला. आज तिच्यातलं थोडंच उभं आहे : हॅवलॉक रोडवर व्यायामशाळा होती ती, तिथंही आता फ्लॅट. आउट्रम मात्र इथं शिकला नव्हता. तो थेट कॅडेट म्हणून मुंबईला आला आणि १८२५ पासून खानदेशात धरणगावला राहून त्यानं भिल्लांची पलटण उभारली. क्रॉयडनच्या त्या गल्लीत धरणगाव आठवणारी मी बहुधा पहिलीच असेन. भाचीनं विचारलं, "धरणगाव म्हणजे जळगावजवळचं?" तिच्या सासूचं माहेर तिथलं.

राहता राहिलं सँडहर्स्ट. सगळ्यात प्रसिद्ध तेच, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात कमी आवडलं तेही तेच. वॉटर्लूहून गाडी, मध्ये अ‍ॅस्कटला बदल, मग कॅम्बर्ली. आगाऊ नोंदणी केली, की वाटाड्यासोबत आत नेतात. तळी, हिरवळ, पांढरे खांब, आणि त्या प्रसिद्ध पायऱ्या : दीक्षान्त संचलन संपलं, की अ‍ॅडज्युटंट पांढऱ्या घोड्यावरून त्या पायऱ्या चढून आत जातो. आमचे वाटाडे एक निवृत्त अधिकारी होते. घोड्याविषयी ते वीस मिनिटं बोलले, ग्रंथालयाविषयी दोन.

या शाळेची सुरुवात जॉन ल मार्शांनं १७९९ मध्ये हाय विकम इथं केली, सँडहर्स्टला ती १८१२ मध्ये आली. त्याच वर्षी तो सॅलामँकाच्या लढाईत पडला. त्याची अडचण अशी, की पायदळ आणि घोडदळातलं अधिकारपद इंग्लंडात उघड विकत मिळे. सरकारी दरपत्रकच होतं. पायदळात एन्साइन व्हायला ४५० पौंड, लेफ्टनंट कर्नल व्हायला ४,५०० पौंड. वरचा चोरटा भाव वेगळा. मग शाळेत कोण जाणार? तोफखान्यात आणि इंजिनिअरांत विक्री नव्हती. तिथं बढती ज्येष्ठतेनं, म्हणजे वरचा मरेपर्यंत खालचा थांबून म्हातारा होई, पण निदान त्याला गणित येई. क्रिमियाच्या युद्धात या खरेदी-विक्रीचे धिंडवडे निघाले. युद्धमंत्री कार्डवेलनं ती बंद करायचा कायदा आणला, उमराव सभागृहानं तो अडवला. तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टननं राणीकडून जुनी सनदच मागे घेववली आणि १ नोव्हेंबर १८७१ पासून दुकान बंद झालं. तरी घोडदळाचा थाट घरच्या पैशावाचून परवडत नसे, म्हणून तिथं कमी गुणही चालत. विन्स्टन चर्चिल तिसऱ्या प्रयत्नात सँडहर्स्टला पास झाला तो घोडदळापुरता. वडिलांनी त्याला खरमरीत पत्र लिहिलं.

१९१८ पासून हिंदी तरुणांना सँडहर्स्टला वर्षाला दहा जागा मिळू लागल्या. त्यांतून गेलेल्यांत कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात होते, पुढं लेफ्टनंट जनरल झाले. १९३२ मध्ये डेहराडूनला आपली अकादमी निघाली, ४० मुलांची. ओल्ड कॉलेजमध्ये जुन्या हिंदी फौजेच्या आठवणींची एक खोली आहे, रंगीत काचांच्या खिडक्यांची. तिथं मी बराच वेळ काढला. बाहेर आले तर वाटाडे घड्याळ बघत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर भारतानं तिन्ही दलांची एकत्र अकादमी काढायचं ठरवलं, तेव्हा समितीनं जगभरच्या शाळा अभ्यासून डिसेंबर १९४६ मध्ये जो नमुना सुचवला तो सँडहर्स्टचा नव्हता, वेस्ट पॉइंटचा होता. म्हणजे मोंजची शाळा, थेअरच्या पेट्या, वेस्ट पॉइंट आणि मग मुठेच्या काठावरचं खडकवासला. ज्या तलावात तिथले कॅडेट होड्या वल्हवतात, तो बांधला तोही एका लष्करी इंजिनिअरनं, फाइफनं; जुने लोक त्याला फाइफ तलावच म्हणत. तिथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली ती ३० मे २०२५ ला, सतरा जणी. बाबांच्या वर्गात मुली कधीच नव्हत्या. मला मात्र घरी ओट्याशी बसवून त्यांनी सिम्पसन शिकवला होता.

पुण्याला परतल्यावर मी मोठ्या उत्साहानं बाबांना सगळं सांगितलं. आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं. विणकराच्या मुलानं जमीनदारांच्या पोरांना शिकवलं, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण तो नियम काही सिम्पसनचा नव्हे. त्याच्या शंभर वर्षं आधी केप्लरनं काढला होता. दारूची पिंपं मोजायला."